दोनशे चौदा नंबर गैरहजर

शनिवार, १ तारीख

आज माझा सत्कार झाला. पुष्पगुच्छातली चार फुलं खरी होती, बाकी कापडाची. साहेबांच्या भाषणातही खऱ्याखोट्याचं प्रमाण साधारण तेवढंच होतं.

पराक्रम असा: आमच्या चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यातलं कापणीचं मशीन आठवडाभर रुसलं होतं. त्यातलं नेटवर्क कार्ड जळलं होतं. नवं बसवलं, तर मशीनचं सॉफ्टवेअर म्हणे, मी यांना ओळखत नाही. प्रत्येक कार्डाला जन्मतः एक क्रमांक मिळालेला असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात, आणि हे सॉफ्टवेअर जुन्या क्रमांकाशीच लग्न लावून बसलेलं. मशीनवाली कंपनी म्हणाली, आता नवं मशीनच घ्या. मी नव्या कार्डाला जुन्याचा क्रमांक दिला. पाच मिनिटांचं काम. मशीनला वाटलं जुनंच कार्ड परत आलं, आणि ते मुकाट्याने भिंगं कापायला लागलं. साहेब म्हणाले, "याला म्हणतात कल्पकता!"

सत्कारात माझ्या हजेरीयोजनेचाही उल्लेख झाला. आठ महिन्यांपूर्वी मी मस्टर बंद केलं. आता प्रत्येकाच्या खिशातला फोन कारखान्याच्या वायफायला जोडला जातो. फोनचा मॅक ॲड्रेस माझ्या यादीत असतो, त्यापुढे कामगाराचा हजेरी नंबर. फोन आत म्हणजे माणूस आत. कामाचे सलग दहा दिवस फोन दिसला नाही, की नाव यादीतून आपोआप बाद. संध्याकाळच्या गैरहजरांच्या यादीत नावं नसतात, नुसते नंबर. उगाच कुणाची बदनामी नको, हा माझाच आग्रह. योजनेतलं सातवं कलमही माझंच: जो आपल्या फोनचा ॲड्रेस बदलून फसवणूक करील, त्याला तात्काळ बडतर्फ करावं.

ते कलम मी एका दमात लिहिलं. खरं तर थांबून विचार करायला हवा होता, कारण माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक जुना लॅपटॉप आहे आणि त्याला माझ्या फोनचा ॲड्रेस दिलेला आहे; सहाला तो आपोआप बंद होतो. मी आल्यावर माझ्या फोनचं वायफाय बंद करतो. त्यामुळे सत्याऐंशी नंबर, म्हणजे मी, रोज नऊ ते सहा हजर असतो. प्रत्यक्षात मी तीनला निघतो आणि थेट घरी जातो. बाबांचा उजवा हात पक्षाघाताने गेला, त्याचा व्यायाम घ्यायचा असतो, आणि ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. पण ही काही फसवणूक नव्हे. ही सोय आहे.

सोमवार, ३

तपासणीच्या खोलीत एक अनोळखी फोन! सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी आला, सहा वाजून एक मिनिटाने गेला, ही नोंद घरून पाहिली. यादीत नाही. वायफायचा पासवर्ड तर त्याला माहीत आहे. म्हणजे आतल्याच कुणाचा हात असणार.

तपासणीची खोली दुधी काचेची, धूळ येऊ नये म्हणून कायम बंद. आत दोनच टेबलं: एक भिंगकाकूंचं, एक माझं, कारण नेटवर्कचं कपाट तिथेच आहे. भिंगांचे ट्रे खिडकीच्या फटीतून येतात आणि फटीतूनच जातात. काकू सव्वीस वर्षं भिंगं तपासताहेत. केसाएवढा चरा त्यांना दिसतो आणि मला भिंगही दिसत नाही. पुढच्या वर्षी निवृत्त होतील.

त्यांनी सकाळीच नवा फोन दाखवला. जुना काल पाण्याच्या बादलीत पडला, म्हणून सुनेने नवा घेऊन दिला. सून हुशार, दुकानात उभं राहून सुरक्षिततेच्या सगळ्या सोयी चालू करून घेतल्या म्हणे.

"अरे, तुझ्या त्या हजेरीसाठी यात काही करावं लागतं का?"

मी अनोळखी फोनची नोंद बघत होतो. म्हटलं, "काही नाही हो काकू. वायफायला जोडला की झालं. बाकीचं मशीन बघून घेतं."

मशीनवर इतका विश्वास मी माझ्या बायकोवरही टाकत नाही.

मंगळवार, ४

चोर पुन्हा आला. पण आज ॲड्रेस वेगळा! वेळ तीच, खोली तीच, क्रमांक नवा. याचा अर्थ उघड आहे: सातव्या कलमाचा गुन्हेगार, आणि तोही रोज मुखवटा बदलणारा. इतका निर्ढावलेला माणूस आपल्या कारखान्यात असेल असं वाटलं नव्हतं. साहेबांना कळवलं. त्यांचे डोळे चमकले. "वरच्या ऑफिसला लेखी कळवा," म्हणाले.

तीनला निघालो. काकू कुठे चाललास म्हणून कधी विचारत नाहीत. मान वर न करता "जपून जा" एवढंच म्हणतात. बिचाऱ्यांना वाटतं मी वरच्या मजल्यावर सर्व्हर बघायला जातो.

बाबांनी नेहमीचं विचारलं, "रजा टाकून आलास ना?" तीस वर्षं घंटेच्या आधी शाळेत पोचलेला मास्तर. मी म्हटलं, हो. दोन-तीन तासांच्या रजेला अर्जात रकानाच नाही, हे त्यांना कशाला सांगा? तो अर्जही मीच बनवलाय.

शुक्रवार, ७

पाच दिवस, पाच ॲड्रेस. आज सापळा लावला. सिग्नल मोजायचं ॲप घेऊन खोलीभर फिरलो. सगळ्यात जास्त सिग्नल काकूंच्या टेबलाशी. साहजिकच मी टेबलाखाली शिरलो. काकूंनी पाय वर घेतले. "नीट बघ हो, माझा रुमालही पडलाय कुठेतरी."

रुमाल मिळाला. चोराचं यंत्र मिळालं नाही.

मग काकूंना जरा खिडकीपाशी बसायला सांगितलं, म्हणजे टेबल उचलून बघता येईल. टेबल उचललं, तर सिग्नल खिडकीकडे सरकलेला! चोर भलताच चलाख. मी खिडकीपाशी गेलो. काकू म्हणाल्या, "आता पुन्हा उठू का?" म्हटलं, बसा, तुम्हाला कशाला त्रास. त्यांनी थर्मासमधला अर्धा कप चहा मला दिला, आणि आम्ही दोघांनी खिडकीतून पलीकडच्या गोदामाकडे संशयाने पाहिलं. यंत्र नक्कीच भिंतीपलीकडे आहे.

घरी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती भांडी पुसत होती. "काखेत कळसा नि गावाला वळसा तर नाही ना?" म्हणाली. हिला नेटवर्कमधलं काय कळतं?

मंगळवार, ११

गोदामाची झडती झाली. गोदामवाला आता माझ्याशी बोलत नाही. आठ दिवसांचे आठ ॲड्रेस तक्त्यात मांडून वरच्या ऑफिसला अहवाल धाडला. शेवटी लिहिलं, "हे कृत्य जाणूनबुजून केलेलं असून सातव्या कलमाखाली येतं." वाक्य चांगलं उतरलंय.

हजेरीबाई वाटेत म्हणाल्या, "अहो, दोनशे चौदा नंबर आठ दिवस गैरहजर आहे." हजेरीचा सगळा कारभार या बाईंकडे. म्हटलं, नियम आहे, अजून दोन दिवस वाट बघू. कामचुकार लोकांची मला मुळीच दया येत नाही. हे लिहितोय तेव्हा दुपारचे साडेतीन झालेत आणि मी बाबांच्या खाटेशी बसलोय.

शुक्रवार, १४

काय लिहू. क्रमाने लिहितो.

सकाळी नऊला फाटकावर काकूंचं कार्ड चालेना. हे कार्ड नुसतं दार उघडतं, नोंद ठेवत नाही; यादीतून नाव गेलं की तेही बंद. सव्वीस वर्षं ज्यांना रोज नमस्कार केला, त्यांना वॉचमनने बाहेर उभं केलं. त्याचाही दोष नाही. त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं होती. काकूंनी मला फोन केला. "अरे, तुझं मशीन माझ्यावर रागावलंय बघ."

मी हसत हसत खाली गेलो. पडद्यावर होतं: २१४. सलग दहा दिवस गैरहजर. नाव यादीतून बाद.

मी म्हणालो, "पण तुम्ही तर रोज..." दहा दिवस. दहा अनोळखी फोन. नऊ चार ते सहा एक. टेबलाखाली मी, वर त्यांचे पाय.

काकूंनी फोन पुढे केला. सेटिंगमध्ये एक ओळ: दर वेळी नवा ॲड्रेस वापरा. चालू. ही सोय हल्ली फोनमध्येच असते. बाजारात, रस्त्यावर दुकानं तुमच्या फोनचा ॲड्रेस टिपून माग काढतात, म्हणून फोन स्वतःच वेगवेगळे क्रमांक सांगतो. चांगली सोय आहे. मला ती माहीत होती. गेल्या वर्षी याच विषयावर मी दोन तास व्याख्यान दिलं होतं.

"म्हणजे तो चोर मी होय?" काकू म्हणाल्या. हसल्या नाहीत.

मी धावत हजेरीबाईंकडे गेलो. म्हटलं, चूक माझी, नाव परत घाला. त्यांनी योजनेचा कागद काढला. त्यात माझंच वाक्य: मशीनची नोंद अंतिम मानावी. म्हटलं, रोज शेकडो पाकिटांवर काकूंचा तपासणीचा शिक्का आहे, तारखेसकट! त्या म्हणाल्या, "शिक्का टेबलावरच पडलेला असतो. कुणीही मारेल." म्हटलं, ते दहा अनोळखी फोन म्हणजे काकूच! त्यांनी चष्मा खाली केला. "अहो, मग तर तुमच्याच अहवालाप्रमाणे त्यांनी रोज ॲड्रेस बदलून फसवणूक केली. बाद झालेल्याला दयेचा अर्ज करता येतो. बडतर्फ झालेल्याला तोही नाही. बघा, कुठलं हवं?"

सव्वीस वर्षांची नोकरी तुटते आहे. या वयात त्यांना नव्याने कोण घेणार? आणि मी किती सुबक वाक्यात तोडली आहे ती.

शनिवार, १५

साहेबांनी दार लावून घेतलं. "वरून चौकशीसाठी तिघं येताहेत बुधवारी. फार बोलू नका. योजना चांगली आहे, एखादं भिंग फुटतंच."

काकू म्हणजे भिंग! माझं डोकं फिरलं. पण साहेबांपुढे मी नुसता "बरं" म्हणून बाहेर आलो. डोकं फिरण्याची हद्द दारापर्यंतच असते.

एक पळवाट आहे. नोंदींच्या फाइलमध्ये त्या दहा अनोळखी ॲड्रेसपुढे गुपचूप २१४ घालायचं आणि अहवाल मागे घ्यायचा. कुणाला कळणार नाही. म्हणजे खरं सिद्ध करण्यासाठी खोटी नोंद करायची. बसलो होतो करायला. मग वाटलं, पुढच्या फोनवाल्याचं काय? त्याला मी टेबलाखाली शोधणार नाही कशावरून?

रविवार, १६

काकूंच्या घरी गेलो. सुनेने दार उघडलं. पोरगी रडवेली झाली होती. "मीच चालू केलं हो ते. आईंना कुणी त्रास देऊ नये म्हणून."

काकू आतून आल्या. पाणी दिलं. म्हटलं, काकू, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "बाबांचा हात कसा आहे?"

मी त्यांना बाबांचं कधीच सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी त्या रुग्णालयात डोळे दाखवायला गेल्या होत्या, तिथे आम्हाला पाहिलं म्हणे. म्हणजे "जपून जा" सर्व्हरसाठी नव्हतं. आठ महिने यांना सगळं माहीत आहे. खणातला लॅपटॉपही, रुमाल शोधताना एकदा खण उघडा दिसला होता.

घरी येऊन बायकोला म्हटलं, त्यांनी मनात आणलं तर एका वाक्यात मला संपवून, मशीन खोटं ठरवून स्वतः सुटतील. बायको म्हणाली, "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असंच चाललंय ना तुमचं? मशीनचा ॲड्रेस बदललात तर सत्कार, स्वतःचा बदललात तर सोय, आणि त्यांचा आपोआप बदलला तर चोरी."

बुधवार, १९

वरून तिघं आले. दोघे सारखे पाणी प्यायले. बोलल्या त्या तिसऱ्या बाई.

त्यांनी काकूंना विचारलं, "हे मशीन आणखी कुणाच्या बाबतीत चुकलेलं तुम्ही पाहिलंय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "मी भिंगं तपासते. माणसं नाही."

मग माझी पाळी. फोन आपोआप ॲड्रेस कसा बदलतो ते मी त्यांच्यासमोर करून दाखवलं. त्या पाणी पिणाऱ्यांच्याच फोनवर. तीनदा जोडला, तीन वेगळे क्रमांक. ते घाबरले. बाईंनी विचारलं, "ठीक. पण मुद्दाम बदलणारा आणि आपोआप बदललेला, हे कसं ओळखायचं?"

"ॲड्रेसवरून नाही ओळखता येत," मी म्हणालो. "तो बदलणं हे नुसतं हत्यार आहे. कापणीचं मशीन त्यावरच चालू आहे. कुणासाठी आणि कुणापासून लपवून केलं, ते विचारावं लागतं."

"उदाहरण?"

साहेब माझ्याकडे बघून डोळ्यांनी नको नको करत होते.

"सत्याऐंशी नंबर," मी म्हणालो. "आठ महिने रोज नऊ ते सहा हजर. सिग्नल एक इंचही हलत नाही. माणूस असता तर कधीतरी पाणी प्यायला उठला असता."

"कोण आहे हा?"

"मी."

बाबांचं सांगितलं. रकान्याचं सांगितलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं. चेहऱ्यावर काही नाही. बाहेर आल्यावर खूप दिवसांनी बरं वाटत होतं.

शुक्रवार, २१

निकाल. हजेरीयोजना बंद, मस्टर परत. मी महिनाभर निलंबित; काढून टाकलं नाही, कारण कापणीचं मशीन पुन्हा रुसलं तर कुणाला बोलावणार? तत्त्वनिष्ठा म्हणतात ती हीच. काकूंना कामावर परत घेतलं. त्यांच्या सेवापुस्तकात शेरा: "दहा दिवसांची गैरहजेरी माफ."

मी पेढे मिळाल्यासारखा खूश होतो. काकूंनी सही करायला नकार दिला.

"माफी कशाची? मी होते."

हजेरीबाईंनी समजावलं, काकू, नोकरी वाचली, आता कशाला घोळ घालता? काकू उठल्या. "मी होते असं लिहा, मग बोलवा." आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा भर कामाच्या वेळी घरी निघून गेल्या.

शनिवार, २२

चौकशीच्या बाईंना पुन्हा यावं लागलं. त्या म्हणाल्या, मशीनची नोंद नको म्हणता, ठीक. मग डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार द्या. वॉचमन फार तर फाटकाचं सांगेल; काचेच्या बंद खोलीत काकूंसमोर बसणारा माणूस एकच. मला बोलावणं आलं. निलंबित माणसाची साक्ष चालते, गंमतच आहे.

समोर जुन्या मस्टरचं पान होतं. मी पेन घेतलं आणि लिहायला लागलो. ३ तारीख, २१४, हजर, मी पाहिलं. ४ तारीख, हजर, मी पाहिलं. पाहिलंच होतं की! त्यांचा चहा प्यालो होतो. कितीतरी दिवसांत इतकं खरं काही लिहिलं नव्हतं. दहा ओळी, दहा सह्या. पान बाईंकडे सरकवलं.

त्यांनी वाचलं. मग म्हणाल्या, "तुम्ही बुधवारी सांगितलंत की तुम्ही रोज तीनला जात होता."

"हो."

"मग या दहा दिवसांत तीन ते सहा त्या खोलीत होत्या, हे तुम्ही पाहिलं नाही."

खोली एकदम लहान झाली. मी म्हणालो, त्या असणारच, कधी उठून जात नाहीत, सव्वीस वर्षांत कधी... बाई म्हणाल्या, "पाहिलं का, एवढंच विचारते आहे."

काकू शेजारीच होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, त्या एकदा नुसती मान हलवतील तर मी "हो" म्हणून टाकीन. इतकं खोटं बोललो, त्यात आणखी एक.

"पाहिलं तेवढंच लिही," काकू म्हणाल्या. "माझ्या पानावर खोटं नको."

मी दहाही ओळींत "हजर"च्या पुढे लिहिलं: सकाळी नऊ ते दुपारी तीन. हजेरीबाईंनी हिशेब लावला; मस्टरमध्ये पूर्ण दिवस नाहीतर अर्धा, मधलं काही नाही. दहा अर्धे दिवस हजर. दहा अर्धे दिवस गैरहजर, माफ. काकूंनी चष्मा पुसला, पान नीट वाचलं आणि सही केली.

जिन्यात मी त्यांना गाठलं. त्याच म्हणाल्या, "तीन वाजत आले. बाबा वाट बघत असतील." आणि तपासणीच्या खोलीकडे गेल्या, सोमवारपासून या म्हटलं होतं, तरी गेल्या.

त्या दहा दुपारी कारखान्यात नव्हतो तो मी. त्या दुपारी गैरहजर म्हणून लागल्या आहेत काकूंच्या नावावर, माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीने, आणि ते पान आता कुणालाच बदलता येणार नाही.